डॅशबोर्ड: आधी कळस, मग पाया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उद्योग-व्यवसायाच्या पानांवर हल्ली ‘डेटाच्या आधारे निर्णय’ हा विषय वरचेवर येतो. चर्चा बहुतेक वेळा कोणते सॉफ्टवेअर घ्यावे यावरच अडते: पॉवर बीआय, टॅब्लो की साधे एक्सेल पुरेल? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. एकाच बैठकीत विक्री विभागाचा डॅशबोर्ड (महत्त्वाचे आकडे आणि आलेख एका नजरेत दाखवणारे संगणकावरचे पान) महिन्याची विक्री एक दाखवतो, हिशेब विभागाचा दुसरी, आणि पुढचा अर्धा तास ‘कोणाचा आकडा खरा’ यात जातो. हे भांडण सॉफ्टवेअर बदलून मिटत नाही, कारण ते आलेख काढायच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी लावत, तिला हे नाव होते. मोटारी आल्या, त्या फळीवर काटे आणि दिवे आले आणि फळीचे मूळ काम विस्मरणात गेले. माहितीच्या डॅशबोर्डचेही तसेच झाले आहे. काटे आणि दिवे भरपूर, चिखल अडवायची सोय मात्र कोणी पाहत नाही.

सुरुवात व्याख्येपासून करावी लागते. ‘विक्री’ हाच शब्द घ्या. ऑर्डर नोंदली त्या दिवशीची, बिल केले त्या दिवशीची, माल पोचला त्या दिवशीची की पैसे जमा झाले त्या दिवशीची? करासह की कर वगळून? सवलत आधी वजा करायची की नंतर? सर्वांत नडते ते परत आलेल्या मालाचे. तो मूळ विक्रीच्या महिन्यातून वजा केला, तर बंद झालेल्या महिन्यांचे आकडे पुढे दोन-तीन महिने हलत राहतात, आणि जानेवारीचा फेब्रुवारीत छापलेला अहवाल एप्रिलमध्ये जुळत नाही. परत आला त्या महिन्यातून वजा केला, तर जुने आकडे स्थिर राहतात, पण कोणत्या महिन्याच्या मालात खोट होती ते कळत नाही. दोन्ही पद्धती चालतात. कोणती धरली हे कुठेच लिहिलेले नसणे मात्र चालत नाही.

म्हणून प्रत्येक मापासाठी अर्ध्या पानाचे टिपण हवे. मापाचे नाव, सूत्र (टक्केवारी असेल तर अंश आणि छेद वेगवेगळे लिहून), कोणती तारीख धरली, काय वगळले, कोणत्या टेबलातून घेतले, किती दशांशांपर्यंत दाखवायचे, आणि ही व्याख्या बदलण्याचा अधिकार कोणाचा. शेवटच्या रकान्यात विभागाचे नाव न लिहिता माणसाचे लिहावे, कारण व्याख्येवर वाद होतो तेव्हा विभाग फोन उचलत नाही. हे सूत्र डेटा मॉडेलमध्ये (सगळी टेबले आणि त्यांचे संबंध जिथे मांडलेले असतात तिथे) एकदाच लिहावे आणि सगळ्या अहवालांनी तिथूनच उचलावे. प्रत्येक अहवालात ते नव्याने टाइप केले, की सहा महिन्यांत त्याच्या चार आवृत्त्या तयार होतात आणि चारही आपापल्या जागी बरोबर वाटतात.

टिपण करताना ज्याच्यासाठी अहवाल बनवायचा त्याला एक प्रश्न जरूर विचारावा: हा आकडा घसरला, तर उद्या सकाळी तुम्ही काय कराल? उत्तर आले नाही, तर तो आकडा पहिल्या पानावर नको. ‘असू द्या, कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेले आकडेच पाने भरून टाकतात.

आता जिथे सर्वाधिक आकडे फुगतात ती जागा जरा जवळून पाहू. ऑर्डर क्रमांक १०१ ची एकूण रक्कम १२,००० आहे. ऑर्डरमध्ये तीन वस्तू आहेत, म्हणजे तपशिलाच्या टेबलात तीन ओळी. पैसे दोन हप्त्यांत आले, म्हणजे भरण्याच्या टेबलात दोन ओळी. तिन्ही टेबले ऑर्डर क्रमांकावर जोडली की तीन गुणिले दोन, सहा ओळी तयार होतात आणि प्रत्येक ओळीवर १२,००० येतात. बेरीज केली की ७२,०००. सगळीच विक्री सहापट दिसली असती तर कोणीही हटकले असते. पण बहुतेक ऑर्डरी एका वस्तूच्या आणि एकरकमी असतात, त्यामुळे एकूण बेरीज थोडीशीच फुगते, आणि ‘या महिन्यात बरे चालले आहे’ असे वाटून सगळे खूश होतात. चूक अशी खपते.

चूक सापडल्यावर केला जाणारा उपाय बऱ्याचदा चुकीपेक्षा वाईट असतो. रकमेवर ‘डिस्टिंक्ट’ लावायचे, म्हणजे एकसारख्या रकमा एकदाच मोजल्या जातील. १०१ ची रक्कम आता बरोबर येते. पण ऑर्डर क्रमांक १०७ चीही रक्कम १२,००० असेल, तर ती साफ गायब होते. फुगवटा गेला आणि त्या जागी खड्डा आला. खरा उपाय असा, की जोडण्याआधी प्रत्येक टेबल एकाच पातळीवर आणायचे. भरणा ऑर्डरनिहाय बेरीज करून एका ओळीत आणा, वस्तूंचे तसेच करा, मग जोडा. डेटा साठवणुकीच्या रचनेवर लिहिणारे राल्फ किंबॉल यांच्या मांडणीत या पातळीलाच ग्रेन म्हणतात. टेबलातली एक ओळ म्हणजे नेमके काय, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ‘एका बिलातली एक वस्तू’ हे उत्तर झाले. ‘विक्रीची माहिती’ म्हटले, की त्या टेबलावर बेरीज करू नये.

बेरीज न होणारे आकडे ही याच्याच शेजारची खोड. एका शाखेने १० पैकी ९ ऑर्डरी वेळेत पोचवल्या, म्हणजे ९० टक्के. दुसरीने ९९० पैकी ६९३, म्हणजे ७० टक्के. दोन्ही टक्केवाऱ्यांची सरासरी ८० येते आणि डॅशबोर्डवर तीच झळकते. प्रत्यक्षात १,००० पैकी ७०२ वेळेत पोचल्या, म्हणजे ७०.२ टक्के. टक्केवारी साठवून ठेवू नये. अंश आणि छेद साठवावेत आणि भागाकार शेवटी, त्या त्या पातळीवर करावा. साठ्याचेही तसेच. महिनाअखेरचा साठा ५००, ४५० आणि ४८० असेल, तर तिमाहीचा साठा १,४३० कसा होईल? तो अखेरचा ४८० किंवा सरासरीने सुमारे ४७७, यांपैकी एक धरावा लागतो. ग्राहकसंख्येत तर तीन महिने खरेदी करणारा एकच माणूस महिन्यांची बेरीज करताच तीन माणसे होतो. अशा मापांची ‘एकूण’ ओळ सॉफ्टवेअर आपोआप काय दाखवते, हे हाताने तपासल्याशिवाय अहवाल कोणाला देऊ नये.

रिकामी जागा आणि शून्य यांची गल्लत लहान दिसते, पण मोठी नडते. पाच दुकानांपैकी एकाने आकडा पाठवलाच नाही, तर सरासरी चारांची की पाचांची? शून्य भरले तर ते दुकान विनाकारण बदनाम होते, आणि रिकामे सोडले तर सरासरी फुकटची चांगली दिसते. तिथे ‘आकडा आलेला नाही’ असेच छापावे. टेबले जोडताना ज्या ओळींना जोडीदार मिळत नाही (नवीन वस्तूचा कोड अजून मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीत, चढलेला नाही, वगैरे) त्या इनर जॉइनमध्ये, म्हणजे दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवणाऱ्या जोडणीत, मुकाट्याने गळतात. लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारी जोडणी) वापरून त्या ‘अज्ञात’ नावाच्या ओळीत जमा केल्या, की ती ओळ वाढली रे वाढली की कोणीतरी विचारतेच. अज्ञात ओळ दिसायला कुरूप असते म्हणून ती लपवणारे पुष्कळ आहेत. लपवू नये.

बदल्यांचा मुद्दाही इथेच येतो. जूनमध्ये एक विक्री प्रतिनिधी उत्तर विभागातून दक्षिण विभागात गेला. कर्मचारी टेबलात त्याचा विभाग नुसता खोडून नवा लिहिला, तर त्याची जानेवारीपासूनची सगळी विक्री दक्षिणेत जाऊन बसते आणि उत्तरेचा मागचा इतिहास एका रात्रीत पडतो. जुनी ओळ अखेरची तारीख टाकून बंद करावी, नवी ओळ सुरुवातीच्या तारखेने उघडावी, आणि प्रत्येक विक्री ज्या तारखेची असेल त्या तारखेच्या ओळीला जोडावी. काम थोडे वाढते, पण वर्षअखेरीला होणारा कलह वाचतो.

तारखांमध्ये तीन खड्डे ठरलेले. पहिला म्हणजे अपुरा महिना. दहा तारखेला चालू महिन्याची तुलना मागच्या पूर्ण महिन्याशी केली, की सगळे बाण लाल होतात. तुलना १ ते १० ची १ ते १० शी हवी, आणि त्या दहा दिवसांत कामाचे दिवस सारखे होते का तेही पाहायला हवे. दुसरा खड्डा वेळेचा. सर्व्हर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) वेळ साठवतो, ग्राहक काही तास पुढे किंवा मागे असतो, आणि मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदी शेजारच्या दिवसात पडतात. रोजच्या बेरजेत हे जेमतेम जाणवते, पण महिन्याच्या शेवटच्या रात्री ठळक दिसते. तिसरा आठवड्याचा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत वर्षाचा पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा, त्यामुळे काही वर्षांना ५३ आठवडे असतात आणि ‘मागच्या वर्षीच्या ५३ व्या आठवड्याशी तुलना’ रिकामी येते. तारखांचे एक वेगळे टेबल करून आठवडा, आर्थिक वर्ष, सुट्टी हे सगळे त्यात एकदाच भरून ठेवले, की निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

किर्द-खतावणी लिहिणारे ताळा जमल्याशिवाय वही मिटत नसत. डॅशबोर्डवाल्यांनी हा शिरस्ता सोडून दिला आहे, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. रोजचा डेटा चढला की तीन आकडे मूळ प्रणालीतून आणि तीन आकडे अहवालाच्या टेबलातून घ्यावेत: ओळींची संख्या, रकमेची बेरीज, सर्वांत अलीकडची तारीख. तिन्ही जुळले नाहीत तर अहवाल पुढे जाऊ नये, कालचाच राहू द्यावा आणि जबाबदार माणसाला निरोप जावा. एवढी तपासणी नसली की काय होते, याचे जगजाहीर उदाहरण इंग्लंडचे. २०२० मध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले कोरोनाचे १५,८४१ बाधित दैनंदिन आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेला डेटा जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये भरला जात होता. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागा नसते, आणि पुढच्या ओळी गळून पडल्या. त्या माणसांच्या संपर्कातल्यांचा शोधही त्यामुळे लांबला. आलेल्या ओळी आणि चढलेल्या ओळी मोजून शेजारी ठेवल्या असत्या, तर तफावत पहिल्याच दिवशी दिसली असती.

नव्या एक्सएलएसएक्स प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात, पण एक्सेलच्या बाकी खोडी तशाच आहेत. सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक करून उघडली की कोडच्या सुरुवातीची शून्ये उडतात आणि ००४५ चा ४५ होतो. आकडा १५ अंकांपेक्षा लांब असेल तर पुढचे अंक शून्य होतात, म्हणजे १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक कायमचा गेला. तारखेसारखे दिसणारे कोड तारखा होऊन बसतात. जनुकांची नावे अशी तारखा होत असल्यामुळे नावे ठरवणाऱ्या समितीला २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलावी लागली. फाइल थेट न उघडता डेटा आयात करून कोडचे रकाने ‘टेक्स्ट’ ठरवणे, हा यावर साधा उपाय आहे.

आलेखांविषयी फार लिहीत नाही, कारण त्यावर आधीच पुष्कळ लिहिले-बोलले जाते. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडले, की एकाच पट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक वाचतो, त्याखालोखाल लांबी आणि कोन, आणि क्षेत्रफळ त्याहून ढोबळपणे. पाय चार्टपेक्षा आडवे पट्टे बरे, ते यामुळे. स्तंभ शून्यापासून सुरू व्हायला हवेत. ९६ आणि ९८ यांचे स्तंभ ९५ वर कापले, तर एकाची उंची १ आणि दुसऱ्याची ३ दिसते, प्रत्यक्षात फरक दोन टक्क्यांचा. रेषालेखाला ही सक्ती नाही, तिथे आपण उंची न वाचता चढ-उतार वाचतो. एकाच आलेखात डावीकडे एक पट्टी आणि उजवीकडे दुसरी लावली, की कोणत्याही दोन रेषा हव्या तिथे छेदून दाखवता येतात, म्हणून ते टाळावे. लाल-हिरव्यातला भेद ज्यांना दिसत नाही अशी माणसे, विशेषतः पुरुष, प्रत्येक मोठ्या कार्यालयात असतात. रंगासोबत बाण किंवा चिन्ह द्यावे. आणि जिथे दहाच आकडे आहेत आणि ते नेमके वाचायचे आहेत, तिथे साधा तक्ता द्यायला लाजू नये.

लाल-हिरव्या बाणांबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. आठवड्याच्या तक्रारींचे आठ आकडे असे समजू: ४२, ४७, ४४, ५१, ४५, ४८, ४३, ४८. ४४ वरून ५१ झाले तेव्हा डॅशबोर्डने ‘१६ टक्के वाढ’ असा लाल बाण दाखवला, खुलासे मागवले गेले, आणि पुढच्या आठवड्यात ४५ आल्यावर सगळ्यांनी खुलाशाचा परिणाम म्हणून समाधान मानले. आता सरासरी काढा, ४६ येते. लागोपाठच्या आकड्यांतले फरक ५, ३, ७, ६, ३, ५, ५. त्यांची सरासरी सुमारे ४.८६. तिला २.६६ या ठरलेल्या गुणकाने गुणले की १२.९. ते ४६ मधून वजा करा आणि ४६ मध्ये मिळवा. म्हणजे ही प्रक्रिया जशी आहे तशीच चालू राहिली, तर आकडा साधारण ३३ ते ५९ च्या दरम्यान आपसूक हलत राहणार. ५१ मध्ये बातमी काहीच नव्हती. ६१ आले असते तर कारण शोधायला निघावे. संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये बेल कंपनीच्या कारखान्यांसाठी मांडलेल्या नियंत्रण आलेखाचे हे सोपे रूप आहे. एक्सेलच्या तीन रकान्यांत ते बसते, तरी शंभर वर्षांनंतरही बहुतेक डॅशबोर्ड मागच्या आठवड्याशी तुलना करून माणसांना पळवत असतात. आठ आकडे कमीच आहेत, पंधरा-वीस मिळाले तर मर्यादा अधिक भरवशाच्या होतात.

पानाच्या कोपऱ्यात ‘शेवटचे रिफ्रेश सकाळी ६ वाजता’ असे लिहिण्याची पद्धत फसवी आहे. मूळ फाइल परवापासून आलीच नसेल, तरी रिफ्रेश सकाळी ६ वाजता यशस्वी होतेच, परवाचाच डेटा घेऊन. डेटातली सर्वांत अलीकडची व्यवहाराची तारीख दाखवावी. वेगाचे गणित सरळ आहे. पानावरचा प्रत्येक आलेख सहसा आपली वेगळी क्वेरी (डेटाबेसकडे माहितीची मागणी) पाठवतो. वीस आलेखांचे पान उघडायला वेळ लागला तर नवल नाही, सहा-आठ पुरतात, बाकी ड्रिल-डाउनमध्ये (क्लिक केल्यावर उघडणाऱ्या तपशिलात) जावेत. सुरक्षेबाबत एकच सांगतो. रकाना लपवणे म्हणजे तो बंद करणे नव्हे, ‘एक्सपोर्ट’ केल्यावर तो बऱ्याचदा बाहेर येतो. सर्वांत कमी अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या नावाने आत शिरून पाहावे. ज्या गटात एकच माणूस आहे तिथे ‘सरासरी पगार’ म्हणजे त्याचाच पगार, हेही लक्षात असू द्यावे.

अहवाल जन्माला घालणारे पुष्कळ, त्यांना निरोप देणारा कोणी नसतो. कोण कोणता अहवाल उघडतो याची नोंद बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. तीन महिने कोणीच न उघडलेला अहवाल आधी बंद करावा, लगेच पुसू नये. वर्षअखेरीचे आणि लेखापरीक्षणाचे अहवाल वर्षातून एकदाच लागतात, ते या चाळणीतून आधी बाजूला काढावेत. बंद केल्यावर महिनाभरात कोणी विचारले तर परत सुरू करता येतो. बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

शेवटी आपल्याकडेच एक मागणी. दैनिकात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक आलेखाखाली कालावधी, एकक आणि स्रोत बारीक टाइपात का होईना द्यावा, आणि स्तंभालेखाचा पाया शून्यावर ठेवावा. जागेअभावी तो कापावाच लागला, तर कापल्याची खूण अक्षावर काढावी.

आपला,
एक नियमित वाचक